फंड चढत होता ते दहा दिवस

माझा धाकटा भाऊ तेलवाहू जहाजावर फिटर होता. आखातात कच्चं तेल भरायचं, कुठल्या तरी दूरच्या बंदरात उतरवायचं आणि पुन्हा आखातात जायचं. घर आमचं मुदखेडला. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते.

त्याच्या पगारातली ठरलेली रक्कम दर महिन्याला एका फंडात जायची. सौर आणि पवनऊर्जेच्या कंपन्यांत पैसे लावणारा फंड. बाबांना ते पटत नव्हतं. उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी तेव्हा बोलवा होती, तिकडं एखादा प्लॉट घ्यावा असं त्यांचं म्हणणं. "जमीन डोळ्याला तरी दिसती," ते म्हणायचे.

भाऊ हसायचा. "बाबा, मी रोज तेलावरच झोपतो. हे लई दिवस चालायचं न्हाई. पुढं ऊन न् वाराच कामाला येणार. त्याच पैशावर मी जहाज सोडून घरी येणार हाय."

त्या उन्हाळ्यात लातूरला नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं. मायला मी गुडघ्याच्या उपचारासाठी माझ्याकडं आणलं होतं. एका दुपारी मी ड्रम घासत होते आणि टीव्हीवर बातमी लागली. आखातात तेलाच्या टँकरवर हल्ला, जहाजाला आग. मायच्या कानावर 'टँकर' एवढंच पडलं.

"आला का गं टँकर? घागरी काढू?" तिनं आतून विचारलं.

"न्हाई अजून," म्हणत मी टीव्ही बंद केला. हाताचा साबण तसाच होता.

भाऊ त्याच वाटेनं निघाल्याचं त्यानं चार दिवसांपूर्वी कळवलं होतं. मी मेसेज टाकला, तो पोचलाच नाही. त्याच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. "जहाज मार्गावर आहे, मॅडम." कुठं आहे, कसं आहे, काही सांगेनात. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मायला कळू देऊ नको," आणि फोन ठेवायचं विसरले. त्यांचा श्वास मला बराच वेळ ऐकू येत होता.

फंडावर लक्ष ठेवायला भावानं माझ्या मोबाइलवर त्याचं खातं उघडून दिलं होतं. बातम्या वाईट होत गेल्या तसा तो फंड वर जात होता. तेलाचं काही खरं नाही म्हणून लोक तिकडं पैसे लावत होते. रोज सकाळी तो वाढलेला आकडा नको वाटायचा. तरी बघायचे.

पाचव्या दिवशी मी फंडाच्या एजंटकडं गेले. "सगळे पैसे काढायचेत," म्हटलं.

"आत्ता? ताई, बघा की कसा चढायलाय! आणखी दोन जहाजं पेटू द्या, मग तर बोलायलाच नको."

माणूस वाईट नव्हता. भाऊ कुठं काम करतो हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला आणि हळू आवाजात म्हणाला, "काढायला त्यांची सही लागंल, ताई. न्हाई तर..."

"न्हाई तर काय?"

त्यानं कागद माझ्याकडं फिरवला. "नॉमिनी तुम्हीच आहात."

मी उठले, रिक्षा केली. घरी आले तर मायनं बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावलेली. शेजारणीकडून तिला सगळं कळलं होतं. पुढचे पाच दिवस आम्ही दोघी एकमेकींना फक्त जेवणाचं विचारत होतो.

दहाव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"जयभीम आक्का. ठीक हाय मी. पेटलं ते दुसरं जहाज. तवापासनं कॅप्टननं फोन जमा करून घेतले होते सगळ्यांचे." आणि लगेच, "फंड लई वर गेला असंल ना?"

मी फोन मायच्या हातात दिला. तिनं विचारलं, "जेवलास का?"

चार महिन्यांनी तो मुदखेडला आला. मी म्हटलं, "नॉमिनी म्हणून माझं नाव काढ." तो हसला, मग माझ्याकडं बघून थांबला. "बरं, बाबांचं टाकू?"

"मी तुझ्या आधी जाणार हाय," बाबा म्हणाले. "माझं कशाला टाकतोस?" आणि चपला घालून स्टेशनाकडं निघून गेले. नॉमिनी बदलायचा फॉर्म कुणीच भरला नाही.

महिन्याभरानं भाऊ पुन्हा जहाजावर गेला. पुढं तेल स्वस्त झालं, फंड घसरला. एजंट फोन करून धीर द्यायचा, "काळजी नका करू ताई, परत चढंल." मी हो हो म्हणायचे. फंड पडलेला असायचा त्या रात्री मला झोप लागायची. हे मी भावाला अजून सांगितलेलं नाही.

आणखी दोन फेऱ्या करून त्यानं जहाज सोडलं. मायनंच सोडायला लावलं. ठरवलेले पैसे जमले नव्हते. आता तो नांदेडला डिझेलवरचे जनरेटर दुरुस्त करतो.