ओटिलीबाईंच्या आईचा झगा

अमेरिकेतल्या फोर्ट ली गावी, स्टुडिओच्या काचेच्या छपराखाली मूकपट निघायचे, तेव्हाची गोष्ट. ओटिली क्नाप तिथल्या शिवणखोलीची मुख्य. पांढरं कापड कॅमेऱ्यापुढे असं चमकतं की नटीचं तोंडही दिसू नये. म्हणून शर्ट, पडदे, झगे, जे जे पांढरं ते बाई चहाच्या टबात बुचकळून काढायच्या. पडद्यावर ते दुधासारखं दिसे.

त्या जूनमध्ये दिग्दर्शक प्रुइटसाहेबांना लग्नाच्या प्रसंगासाठी जुन्या वळणाचा झगा हवा झाला. तसा एकच झगा, ओटिलीबाईंच्या पेटीत. आधी आईनं घातलेला, मग त्यांनी. आणि येत्या रविवारी त्यांची लेक गेर्डा तोच घालून चर्चमध्ये उभी राहणार होती.

“दोन दिवस द्या, बाई.”

“देते. पण चहात बुडवायचा नाही.”

“शब्द दिला!”

कसला शब्द अन् कसलं काय! बुधवारी बाई रजेवर होत्या. गुरुवारी येऊन बघतात तर झगा खुंटीला, रंग शिळ्या चहाचा. बुडवला तोही त्यांच्याच टबात! बाई तशाच तरातरा प्रुइटसाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो, पडद्यावर बर्फासारखा दिसेल!” साहेब म्हणाले.

“माझी पोर पडद्यावर लग्न करतेय का?”

शिडीवरचे सुतार फिसकन हसले.

“पण कॅमेऱ्यात आमचं अर्धं लग्न व्हायचंय अजून!”

“माझ्या पोरीचं अख्खं व्हायचंय!”

झगा काखोटीला मारून बाई घरी. दोन दिवस लिंबू चोळ, परसातल्या गवतावर पसर, पाणी शिंपड, पुन्हा उन्हात घाल. पाठ मोडून आली. शनिवारी दुपारी झगा उजळला. खालच्या काठाला तळहाताएवढा डाग तेवढा राहिला.

तेवढ्यात कुंपणाशी प्रुइटसाहेब. हातात त्यांची लाडकी पांढरी टोपी.

“वा! निघाला की! बाई, तासभर द्या. फक्त...”

“फक्त काय?”

“एवढा पांढरा चालायचा नाही. पुन्हा एकदा बुचकळावा लागेल.”

ओटिलीबाईंनी साहेबांच्या हातातली टोपी घेतली आणि आत गेल्या. घरात चहा नव्हता, चुलीवर काळी कॉफी होती. टोपी तिच्यात चांगली दाबून काढली, बाहेर आणली आणि निथळती तशीच त्यांच्या डोक्यावर बसवली.

“घाबरू नका, साहेब. पडद्यावर बर्फासारखी दिसेल.”

रविवारी गेर्डाचं लग्न आईच्या पांढऱ्या झग्यात लागलं. मूकपटातली नवरी मात्र चर्चमध्ये शिरते एका झग्यात आणि बाहेर पडते दुसऱ्याच.