कुंदाच्या गोष्टीची एक ओळ

हे मी अजून कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. आणि जिला सांगायला हवं, तिच्यासमोर मी दर महिन्या-दोन महिन्यांनी बसते, तिच्या हातचा चहा पिते, पावसापाण्याचं बोलते आणि संध्याकाळच्या बसने परत येते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगते आहे. हाही भित्रेपणाच की — नाही का?

मला लॉगलाइन लिहिता येते. सिनेमाची अख्खी गोष्ट एका वाक्यात मांडायची, त्याला लॉगलाइन म्हणतात. माणूस कोण, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय, आणि नाही मिळालं तर त्याचं काय जातं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर वाक्य अळणी वरणासारखं, समोर आलं तरी कुणी हात लावत नाही. आदिलाबादला मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मोबाइलवर एक-दोन शिबिरं केली आणि इथल्या हौशी पोरापोरींच्या ओळी दुरुस्त करून देऊ लागले. मॅडमचा हात लागला की ओळ उभी राहते, असं म्हणतात. राहते खरी — दुसऱ्यांची. माझ्या स्वतःच्या ओळी सगळ्या नियमांत चोख बसायच्या आणि कुणालाच नको असायच्या. कितीतरी वर्षं पाठवत राहिले. आधी नकार यायचे, पुढे तेही येईनात. हे मी का सांगते आहे? बघा, मुद्द्यावर यायच्या आधीच पळवाट शोधायला लागले.

कुंदा माझी धाकटी नणंद. इथून जवळच्या बेला गावी दिली आहे, घरी कापूस आणि ज्वारी. ती शेतात गोष्ट सांगायला लागली की बायांचे वेचणीचे हात थांबायचे. तिचा नवरा सुरेश बांधावरून ओरडायचा, आणि मग जवळ येऊन तोही ऐकत उभा राहायचा. पण तिची सगळी शाळा तेलुगूत झाली. मराठी बोलते अशी की ऐकत राहावं — लिहायला बसली की मात्र दोन शब्दांत अडकते. आमच्या भागात असं पुष्कळांचं आहे. तोंडातली भाषा एक, पाटीवरची दुसरी. त्यामुळे लिहायचं काही निघालं की ती माझ्याकडे यायची.

नागपूरच्या काही मंडळींनी सिनेमासाठी गोष्टी मागवल्या होत्या. फक्त एक ओळ पाठवायची. ज्यांची आवडेल त्यांना आठवडाभर बोलावून पटकथा लिहायला शिकवणार, आणि त्यातल्या एका गोष्टीचा सिनेमा करणार. ही बातमी मीच कुंदाला सांगितली — माझी स्वतःची ओळ पाठवून झाल्यावर, सहज, मोठेपणा मिरवायला. ती त्याच आठवड्यात बसने आली. सुरेशने कधी नव्हे ते कबूल केलं होतं, बोलावणं आलं तर जा म्हणून. लग्न झाल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. डोक्यावरचा पदर मागे सारून ती माझ्या टेबलासमोर बसली आणि तिने आपल्या सासूची गोष्ट सांगितली.

सासू तेव्हा कोवळी सून होती. पोळा तोंडावर आलेला आणि नवरा गाडीवरून पडून कंबर मोडून अंथरुणात. त्यांच्या गावी पोळ्याच्या तोरणाखाली प्रत्येक घराच्या बैलजोडीची जागा ठरलेली. एका पोळ्याला जोडी उभी राहिली नाही की ती जागा भाऊबंदाची. दीर वेगळा निघालेला, आणि तो टपलेलाच होता. गडीमाणूस घरात दुसरा नाही. आणि बाईने तर तोरणात जायचंच नसतं. तिने दारात थांबायचं, बैल आले की त्यांच्या पायांवर पाणी घालायचं, ओवाळायचं. ही बाई कासरा धरून निघाली. सगळा गाव बघत असताना आपल्या जागेवर जोडी उभी केली. बैलांपुढे जी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, पुरुषांनी खणखणीत म्हणायची, ती तिने म्हटली. पोळा फुटला, तोरणाखालच्या जोड्या सुटल्या, तशी जोडी घेऊन ती घरी आली. आता दारात ओवाळायला कोण? नवरा खरडत खरडत उंबऱ्यापर्यंत आला होता. मांडीवर ताट घेऊन बसला होता.

एवढं सांगून कुंदाने डोळे पुसले. आणि माझ्या — कसं सांगू — माझ्या पोटात दुखलं. खरोखर दुखलं. इतकी वर्षं मी जे शोधत होते ते हिच्या घरात चुलीपाशी पडलेलं होतं, आणि हिला त्याची किंमतही माहीत नव्हती. निदान मी तेव्हा तसं म्हटलं मनाशी.

ओळ मला तिथल्या तिथे सुचली. तिचं बोलणं संपायच्या आत. आजही पाठ आहे: नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि पोळ्याला जोडी उभी राहिली नाही तर घराची जागा कायमची दिराकडे जाणार, म्हणून बाईने जिथे पाऊल टाकायचं नाही तिथे एक तरुण सून स्वतः बैल घेऊन निघते.

ही मी लिहिली नाही.

मी लिहिलं: ‘एका खेड्यातल्या कष्टाळू बाईची आणि तिच्या पोळ्याच्या आठवणींची हृदयस्पर्शी कहाणी.’ ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द मी माझ्या पोरांना वापरू देत नाही. कुणी वापरला की वर्गात थट्टा करते. काय गाळायचं हे मला नेमकं माहीत होतं आणि नेमकं तेच मी गाळलं. घाईत झालं नाही, चुकून झालं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते असं शांत बसून, पंखा लावून खाता येतं.

मी ओळ वाचून दाखवली. ती चाचरत म्हणाली, “वयनी, याच्यात जागेचं काई आलंच नाई. दिराचंबी नाई.”

“लॉगलाइनमध्ये सगळं उघडं करायचं नसतं, कुंदा,” मी म्हणाले. “थोडं झाकून ठेवावं लागतं.”

“तुमाले जास्त समजते,” ती म्हणाली, आणि तिच्यासमोरच मी ती ओळ पाठवून दिली.

बोलावणं आलं नाही. तिला नाही, मलाही नाही. म्हणजे मला काही मिळालंसुद्धा नाही. मिळालं असतं तर हे कमी वाईट झालं असतं का? माहीत नाही.

सासूला तिने आधीच सांगून ठेवलं होतं की तुमची गोष्ट पडद्यावर येणार. म्हातारी मी दिसले की विचारायची, “आलं का वं काई?” मी म्हणायचे, वेळ लागतो आत्या. वाट बघत बघत ती गेली. त्यानंतर एकदा मी सगळं सांगायचं ठरवून बेल्याला गेले. बसमध्ये शब्द जुळवत होते. कुंदा शेतातून लगबगीने आली, हात धुतले, माझ्यासाठी भाकरी टाकली. मी खाल्ली. दुसरीकडे कुठेतरी पाठवू या, नवी ओळ करू, एवढंच कसंबसं म्हणाले. ती हसून म्हणाली, राहू द्या वयनी, काऊन उगाच ताप करून घेता. तिने शेतात गोष्टी सांगणंही सोडलं होतं, हे मला सुरेशकडून कळलं. बाया सांग म्हणतात, तर ही म्हणते मला कुठं येते. मी काय करू शकत होते? करू शकत होते — एक वाक्य बोलू शकत होते. एका वाक्यात गोष्ट मांडायची एवढंच तर येतं मला.

यंदा पोळ्याला मी तिच्याकडेच होते. गडीमाणसं जोड्या घेऊन तोरणाकडे गेलेली, आम्ही बायका ओवाळणीची तयारी करून दारात. कुंदाच्या जावेची नवी सून तिला म्हणाली, “काकू, मोठ्या आजी बैल घेऊन गेल्त्या म्हणे एका पोळ्याला. सांगा नं.”

“सांगण्यासारखं काई नाई त्याच्यात,” कुंदा म्हणाली. “वयनीनं त्याची एक वळ केल्ती. तेवढीच हाये ते.” आणि तिने ती ओळ म्हणून दाखवली. एक शब्द इकडचा तिकडे नाही, ‘हृदयस्पर्शी’सकट.

पोरगी “असं का” म्हणाली आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेली. मी कुंदाच्या शेजारी उभी होते. ओवाळणीच्या ताटातली वात मी सारखी केली.