कापशीची आंघोळ

मायाचा फोन नागपूरहून आला तेव्हा तिच्या वडिलांचे, सुखदेवभाऊंचे, तिन्ही ससे माझ्या अंगणात कोथिंबिरीच्या काड्या खात होते. "मॅडम, बाबा गेले..." एवढेच ती बोलू शकली. मी फोन धरून उभी होते आणि सशांचे खाणे थांबले नव्हते. या गोष्टीला आता दोन महिने झाले. आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. स्वतः लिहिण्याचे धाडस प्रथमच करते आहे.

निवृत्तीनंतर मी राजूरला, या कोळसाखाणीच्या गावी, राहायला आले. कोळशाची धूळ इथे दुधाच्या झाकणीवरही बसते. त्या करड्या संधिप्रकाशात, शेजारच्या बुटक्या भिंतीपलीकडे, काहीतरी पांढरे तरंगताना दिसे... जवळ गेल्यावर कळले, ते ससे होते. मावळतीचे ऊन त्यांच्या कानांतून आरपार येऊन गुलाबी होई. मी दोन पावले मागे सरले, तसे सुखदेवभाऊ हसले. "शाळेत पोट्टे तुमाले भेत असतील, अन् तुम्ही सशाले भेता काहून?" एवढ्या धुळीत पांढरे ससे कशाला पाळलेत, असे मी विचारले. खाणीच्या पोटातले पाणी उपसणाऱ्या पंपावर उमेदीची सारी वर्षे घालवलेला तो माणूस म्हणाला, "खाली जलमभर काळंच पाह्यलं, मॅडम. आता डोळे धुऊन राह्यलो."

छातीच्या तपासणीसाठी ते अधूनमधून नागपूरला जात. एका हिवाळ्यात त्यांनी ससे दोन दिवसांसाठी माझ्या स्वाधीन केले. त्यांत कापशी ही त्यांची सर्वांत लाडकी. धुळीने ती राखाडी झाली होती. ते परततील तेव्हा ती कापसासारखी दिसावी, म्हणून मी कोमट पाणी आणि साबण घेऊन तिला न्हाऊ घातले. ती जराही हलली नाही. तिला बरे वाटत असावे, असे मी समजले. भीतीने ससा असा निश्चल होतो, हे मला ठाऊक नव्हते. सकाळी ती थंडगार पडली होती.

"उठून पाहते तर..." एवढेच मी त्यांना सांगितले. उरलेले त्यांनीच पूर्ण केले. "मी नवतो ना, म्हनून गेली." मी त्यांचा तो समज खोडला नाही. त्यानंतर त्यांनी नागपूरला जाणे सोडले. माया विनवी, "बाबा, मॅडम पाह्यतील ना!" त्यावर ते म्हणत, "नाही. मी गेलो का एखादं जाते." भिंतीपलीकडचा खोकला वाढत गेला. सांगायचे ठरवून मी रोज भिंतीशी जाई आणि हवापाण्याचे बोलून परत येई.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी मी त्यांच्या अंगणात गेले आणि उभ्याउभ्याच सारे सांगून टाकले. त्यांनी मान वर केली. "साबनानं?" "हो." "तवाच काहून नाही सांगतलं? वरीसभर मी सोताले खाऊन राह्यलो..." मग त्यांनी एक ससा उचलून माझ्या हातांत दिला. "हात कोरडा ठेवा. केसाच्या वळनानं फिरवा. धूळ आपल्या हाताले लागली पायजे." पुढच्याच आठवड्यात उरलेले तिन्ही ससे माझ्याकडे सोपवून ते मायाबरोबर नागपूरला गेले. उशीर झाला होता का, हे मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

माया शेजारच्या घरी परतल्यावर तिला मात्र मी सगळे सांगितले. ती ऐकून उठून गेली आणि तीन आठवडे फिरकली नाही. परवा संध्याकाळी, भाऊ सशांपाशी बसत त्याच वेळी, ती आली. काही न बोलता शेजारी टेकली, एक ससा मांडीवर घेतला आणि वडिलांसारखाच, कानांपासून शेपटीपर्यंत हात फिरवू लागली. आमचे तळवे हळूहळू काळे होत होते. मी पदराने डोळे पुसले, बोटांनीही पुसले, आणि पुन्हा सशाकडे हात नेला. तिने माझे मनगट धरले.

"हात पुसा, मॅडम. ओला हाये."