‘माका कळूक नाय’ म्हणणारे मेस्त्री

वाकोल्याचे मेस्त्री बॉनेट उघडायचे, बराच वेळ आत बघत राहायचे आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, "माका कळूक नाय." मालवणकडचे होते. इतकं सरळ कबूल करणारा मेकॅनिक मी दुसरा पाहिला नाही.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी मुलुंडहून त्यांच्याकडे बाबांची जुनी विलायती गाडी नेली. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. अर्धांगवायूनंतर बाबा घराबाहेर पडायचे ते फक्त तिच्यातूनच, मी चालवायची. आणि ती विक्रोळीपर्यंतही न तापता जाईना. एका मेकॅनिकने रेडिएटर धुतला, दुसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला, तिसऱ्याने पाण्याचा पंप. तिघांचीही पक्की खात्री होती. तापमानाचा काटा मात्र लालवरच.

मेस्त्रींनी माझीच उलटतपासणी घेतली. "ट्रॅफिकात उभी असताना तापता?"

"नाही."

"मगे?"

"हायवेला जरा पळवली की."

ते डोकं खाजवत बसले. "उलटाच आसा हां. उभी गाडी तापूक व्हयी, पळणारी थंड." मलाही काही समजेना.

पुढचे दोन रविवार ते माझ्या शेजारी बसून फिरले, मागे बाबा. दोन्ही वेळा गाडी तापली, दोन्ही वेळा तेच उत्तर. शेवटी बाबा चिडून म्हणाले, "मग उतरा!"

मेस्त्री खरंच उतरले. बॉनेट उघडून मला म्हणाले, "बाई, जाग्यावरच रेस द्या. अजून. सोडू नका."

इंजिन ओरडायला लागलं, तशी रेडिएटरखालची रबरी नळी आत ओढली जाऊन चपटी झाली. मी पाय काढला, तशी पुन्हा फुगली. नळीला आतून ताणून धरणारी स्प्रिंग गंजून गेली होती. उभ्या गाडीत ती सगळ्यांना धडधाकटच दिसायची.

"पळताना पाणी बंद," मेस्त्री म्हणाले. पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. "दोनदा हाताखालसून गेली. कशी दिसूक नाय?" असं ते बाबांनाच विचारत राहिले. बाबांनी चालत्या हाताने त्यांचा खांदा धरला.

नव्या नळीवर बाबांनी दीड वर्ष जुहूचा समुद्र पाहिला.

पुढे मेस्त्रींनाच ताप येऊ लागला, उतरायचा, चढायचा. मी हॉस्पिटलात भेटायला गेले, तेव्हा एक तरुण डॉक्टर आणखी एक नवं औषध लिहीत होता. मेस्त्री त्याला म्हणाले, "डॉक्टरांनू, कळत नसात तर तसा सांगा. मी रागावचंय नाय."

डॉक्टर पेन खिशात ठेवून खाटेच्या कडेला टेकला. "खरंच कळत नाहीये, काका."

त्या दुपारी मेस्त्री शांत झोपले. चार दिवसांनी गेले. कशाने, ते आम्हा कोणालाच शेवटपर्यंत समजलं नाही.