मौलाच्या मानेतला पीळ

शाहू महाराजांच्या राज्यात, खासबागेचं मैदान नुकतंच बांधून झालं होतं तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरात कुणाची मान लचकली की तो दोन्ही हातांनी डोकं सांभाळत थेट मंगळवार पेठेत मौलाकडं यायचा. टांगा खड्ड्यात आदळून मानेला हिसका बसलेला असो, नाहीतर तालमीत कुणी मानेवर आपटलेला असो. मौला त्याला दारातल्या कट्ट्यावर बसवून कोमट तेल चोळायचा, बोटांनी दुखरी गाठ हुडकायचा आणि विचारायचा, "काय पावणं, यंदा गुळाला दर काय?" पावणं बोलण्यात गुंगलं की डोकं धरून असा झटका द्यायचा, की कट्ट आवाज! माणूस "आयाया!" म्हणून बोंबलायचा आणि मग हसत हसत मान फिरवून बघायचा. ही विद्या मौलाला बापाकडून मिळालेली. तिचा त्याला भारी गर्व होता, आणि का नसावा?

पण त्याच्या कट्ट्याच्या उजव्या अंगाला, दोन घरं सोडून, बयाबाई राहायला आली आणि सगळा घोळ झाला.

बयाबाई भाजी विकणारी विधवा बाई. पण ती होती पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. पायाळूचा पाय लागला की लचक जाते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. झालं! लोक तिच्या उंबऱ्यापाशी पालथे पडायला लागले. ती मेथीच्या जुड्या बांधता बांधता उठायची, मानेला टाच लावायची आणि परत मेथीला लागायची.

मौलाचा नुसता तिळपापड. आपण बापाच्या शिव्या खात ही विद्या शिकलो, आणि ही बया काय शिकली? उलटी जन्मली एवढंच! दिवसभर कट्ट्यावर बसून तो उजवीकडं मान वळवून बघायचा, तिच्याकडं कोण गेलं, कोण हसत बाहेर आलं. संध्याकाळी घरात चुलीपुढं बायकोला ऐकवायचा, "पायाळूवर वीज पडती म्हनं. मग हिच्यावर का पडंना?"

नजीरा खाली बघून भाकरी थापत राहायची. तशी ती भित्रीच. आभाळ गडगडलं की आतल्या कोपऱ्यात जाऊन बसायची, आणि मौला तिला हसायचा.

एक दिवस जोतीराम पैलवान मान तिरकी करून येताना दिसला. याची मान मौलानं तो तालमीत नवा होता तेव्हापासून सांभाळलेली. मौलानं आनंदानं तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवली. जोतीराम आला, खाली बघत कट्ट्यावरून पुढं गेला आणि बयाबाईच्या दारात जाऊन पालथा पडला.

मौलाचं काळीज जळालं. त्यानं बघायला जी गर्रकन मान वळवली, ती तिथंच अडकली. सरळ होईना! तोंड बयाबाईच्या दाराकडं, ते तिकडंच.

"काय मौलाभाई, कुनाकडं बघाय लागलाईसा?" येणारा जाणारा विचारायला लागला. स्वतःची मान स्वतःला मोडता येते होय? बयाबाईनंच हाक मारली, "या की मौलाभाई, पाय लावते. त्यात लाज कसली?"

"मरंन, पर तुझ्या पायाखाली मान देनार न्हाई!" असं म्हणून मौला तिरक्या मानेनं, भिंत चाचपत घरात गेला.

नजीरानं त्याच्याकडं बघितलं. हसली नाही. "पालथं पडा," म्हणाली. शेक देईल असं वाटून तो पडला, तर मानेवर टाच टेकली. भेगाळलेली, गरम टाच. तिनं अलगद दाब दिला आणि आत काहीतरी सुटलं. मौला उठून बसला. मान दोन्हीकडं वळत होती.

"अगं, तू..."

"व्हय. मी बी पायाळू. वीज पडंल म्हनून कोन सून करून घेईना, म्हनून बानं दडवलं. लगीन झाल्यावर सांगनार हुते. पर दुसऱ्याचं चांगलं तुमाला कवा बघवलंय?"

मौला मान चोळत उठला आणि कट्ट्यावर जाऊन बसला.

सकाळी बयाबाईनं रस्त्यावरूनच विचारलं, "सुटली व्हय मान? कुनाचा हात लागला?"

सगळ्या गल्लीचे कान इकडं. 'माझाच' एवढं म्हटलं असतं तरी मौलाचं नाव राहिलं असतं. पण बयाबाईच्या ओठावरचं हसू त्याला दिसलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हात न्हाई, पाय! माझी नजीरा पायाळू हाय, म्हटलं! तुझ्यापरीस भारी!"

दाराआड नजीरानं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मौलाच्या दारात ही रांग! मौला हरखला, तेलाची वाटी घेऊन पुढं झाला. रांगेत सगळ्यात पुढं जोतीराम. म्हणाला, "मौलाभाई, वाईच सरकून बसा की. वैनीस्नी हाक मारा."

मौला सरकून बसला. वाटीतलं तेल गार झालं. घरातून कुणीतरी "आयाया!" ओरडलं आणि पाठोपाठ हसल्याचा आवाज आला. आपण अजिबात बघायचं नाही, असं मौलानं ठरवलं. रस्त्यावरची गाढवं बघितली, आभाळ बघितलं. आणि हळूहळू त्याची मान दाराकडं वळायला लागली.

"अवो," आतून नजीरा म्हणाली, "म्होरं बघा. परत आखडंल."