पत्र्यावरची झापं

आमच्या आतोबांइतका पावसावर अविश्वास असलेला माणूस उभ्या अष्टागरात सापडायचा नाही. शिमग्याची राख निवते न निवते तोच त्यांची आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सुरू व्हायची. लाकडं फोडून पडवीत रचायची, जवळा-बोंबील उन्हात घालायचे, छत्री उघडून तिच्यावर विहिरीची अख्खी बादली ओतून बघायची. एका वर्षी काडेपेट्या सर्दावू नयेत म्हणून त्यांनी त्या बरणीत भरल्या आणि बरणी तांदळाच्या पिंपात तळाशी पुरली. पहिल्याच झडीत आत्याला चूल पेटवायला सगळं पिंप उपसावं लागलं. ती करवादली, तर हे शांतपणे म्हणाले, "पन काडी कोरडी हाय ना?" मी एकदा फोनवरचा अंदाज दाखवून पाऊस लांबल्याचं सांगायला गेलो. "तुझ्या फोनाला दर्या दिसतो का?" एवढंच विचारून ते पुन्हा लाकडं रचायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस हजर. पुढे दोन दिवस मी त्या आळीने गेलो नाही.

मग ते वादळ आलं. अंगणातला माड घरावर आडवा झाला, कौलं उडाली, आणि आत्या-आतोबा माजघरात भिंतीला चिकटून बसून राहिले. मुलगा पनवेलला असतो; त्याने येऊन छपरावर निळा पत्रा घातला. पत्रा गळत नाही, पण सर आली की असा गाजतो की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. वादळात अस्साच आवाज होता, म्हणत आत्या भरलं ताट सोडून देवापाशी जाऊन बसायची, कानांवर हात दाबून. तेव्हापासून आतोबा दर वैशाखात झावळ्या भिजवून त्यांची झापं विणायचे आणि ती पत्र्यावर अंथरून सुंभाने आवळायचे. नव्याकोऱ्या पत्र्यावर झापं बघून आळी हसली. "शालूवर गोधडी घातलीत," असं मीही म्हणालो. "तुला न्हाय कलायचं," ते म्हणाले. मला कळलं ते पुढच्या पावसात. सर कोसळत होती, घरात पावसाची नुसती कुजबूज ऐकू येत होती, आणि आतोबा छपराकडे न बघता आत्याच्या ताटाकडे बघत होते. ती जेवत होती.

गेल्या माघात आत्या गेली. पुढचे दोन महिने त्या घरी जायला माझा पाय उचलत नव्हता. वैशाखात गेलो, तर विहिरीपाशी झापांची चळत तयार, शिडी भिंतीला टेकलेली, आणि आतोबा ओटीवर सुंभाचा वेढा मांडीवर घेऊन बसलेले. यंदा चढवत नसेल, असं समजून मी एक झाप उचललं आणि शिडी चढायला लागलो.

"उतर खाली," आतोबा म्हणाले.

"अहो आतोबा, पाऊस तोंडावर आलाय."

"येऊ दे."

"मग विणलीत कशाला एवढी?"

"हाताला सवय." बराच वेळ ते सुंभ चाचपत राहिले. "भ्या तिला हुतं. यंदा गाजू दे पत्रा. घरात कोनतरी बोलल तरी."

मी उतरलो. उरलेली दुपार आम्ही दोघांनी मिळून ती झापं लाकडांवर घातली. त्या दिवसापासून मी रोज फोनवर पावसाचा अंदाज बघतो, आणि यंदा तो लवकर यावा असं मला फार वाटतं.