पाण्याकडे पाठ असलेली पडवी

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवनीजवळच्या एका साइटवर स्लॅबचं लोखंड तपासत होते. "हार्ट अटॅक," त्याचा धाकटा भाऊ म्हणाला. मी कंत्राटदाराला 'आज ओतू नका' एवढंच सांगितलं आणि निघाले... त्याला आता दोन महिने होत आले.

सुखदेव आर्किटेक्ट, मी सिव्हिल इंजिनीअर. भंडाऱ्यात आमचं दोघांचं एक ऑफिस होतं. मी दिघोरीची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे मी ताठ मानेनंच सांगते. त्याच्या घरातही तोच पहिला. त्याचं गाव मात्र आता नाही. ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि घरचे पुनर्वसनाच्या वसाहतीत आले. त्याच पाण्याच्या काठावर फ्लॅट बांधायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा वसाहतीतल्या लोकांनी त्याला सोडलं नाही. "काहून रे, आपलं बुडालेलं गाव दाखवून फ्लॅट विकून राहिला का?" एकानं भर चौकात विचारलं. सुखदेव हसला. "मंग काठ काय नागपूरवाल्यांसाठीच सोडून देऊ?"

त्याला तिथं स्वतःसाठी एक फ्लॅट घ्यायचा होता आणि माय, म्हणजे त्याची आई, तिथं राहायला यायला हवी होती. लग्न त्यानं केलं नव्हतं. घर म्हणजे मायच. पहिला नकाशा त्यानं जीव लावून काढला. स्वयंपाकघर, बैठक, झोपायची खोली, सगळं पाण्याकडे उघडणारं. आधी नमुन्याचा एक फ्लॅट बांधला आणि मायला दाखवायला आणलं. माय सगळ्या खोल्या फिरली आणि मागच्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. तिथून फक्त धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दिसायची.

"घर बेस हाये बाप्पा," ती म्हणाली. "पण जिकडं पाहा तिकडं तेच. त्याच्याकडं तोंड करून मले घास उतरत नाही."

दुसऱ्या दिवशी सुखदेवनं नकाशा नव्यानं काढायला घेतला. आता प्रत्येक फ्लॅटला मागं, बांध्यांच्या अंगाला, लांब उघडी पडवी आली. दोन शेजाऱ्यांच्या पडव्यांमध्ये कमरेएवढीच भिंत, म्हणजे बसल्या बसल्या बोलता यावं. स्वयंपाकघर पडवीला लागून. पाण्याकडे एकच खोली ठेवली. दार लावलं की पाणी दिसणं बंद. बिल्डर भडकला. "गिऱ्हाईक पाणी पाहाले येते साहेब, धान पाहाले नाही!" सुखदेव म्हणाला, "जाहिरातीत निसर्ग निसर्ग लिहून राहिले ना तुम्ही? मंग धान काय सिमेंटचं असते?" तो काम सोडायलाही तयार होता. एवढ्या लांब पडव्या कोसळतील ही बिल्डरची दुसरी भीती. बीम असे बसवले की ती भीतीही राहिली नाही आणि बिल्डर कबूल झाला. बीमचं ते काम माझं. गेलेल्या माणसावरच्या लेखात स्वतःचं सांगू नये म्हणतात, पण हे सांगते.

तरीही माय आली नाही. "पाहू दिवाळीनंतर," म्हणायची. सुखदेव एकटाच राहायला गेला. दर रविवारी मायला आणायला वसाहतीत जायचा आणि तिच्या हातच्या भाजीचा डबा घेऊन परतायचा. सोमवारी ऑफिसात तो डबा उघडला की मी विचारायचे, "माय आली का?" "अर्धी आली," तो म्हणायचा आणि भाजी माझ्याकडे सरकवायचा... असं चालू असतानाच तो गेला.

तेरवी झाली आणि मायनं धाकट्याकडून फ्लॅटची किल्ली मागून घेतली. कोणी चल म्हटलं नव्हतं.

परवा मी गेले होते. माय पडवीत तांदूळ निवडत होती आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीला तिच्या सुनेवरून टोमणे मारत होती. "करमते का माय?" मी विचारलं. "न करमाले काय झालं? बाया हायेत." मग मी आत पाहिलं. पाण्याकडच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. तिथं खिडकीशी सुखदेवचं ड्रॉइंगचं टेबल आहे. त्यावर धुळीचा कण नव्हता.

मी कुठं पाहतेय ते मायच्या लक्षात आलं. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"लय धूळ येते तिकडं," ती म्हणाली. "रोज पुसाले जावंच लागते."